दरवाजे बंद असतानाचं राधानगरी

आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा चालत दहा-पंधरा मिनिटांवर. जुलै उजाडला की आमच्याकडे देवाच्या खालोखाल राधानगरी धरणाचं नाव निघतं. 'सहा नंबरचा दरवाजा उघडला.' 'आता तीनचा.' 'सातही उघडले, गाड्या वर काढा.' बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आम्ही पाढ्यांबरोबरच पाठ केलेलं. २०१९ साली गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी तेच धरण होतं. आणि एवढं असून मी ते कधी नीट बघितलं नव्हतं. कोकणात जाताना एसटीच्या खिडकीतून पाण्याचा पट्टा सरकलेला दिसायचा, तेवढंच.

आप्पांचं वेगळं. ते पाटबंधारे खात्यात होते. निम्मी नोकरी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे वहीत उतरवण्यात आणि फोनवर सांगण्यात गेली. राधानगरीला ते कितीदा गेले असतील, पण सगळं पावसाळ्यात, अंगावर रेनकोट आणि डोक्यावर साहेब. "एकदा मे महिन्यात न्या मला," ते गेली चार वर्षं म्हणत होते. "रिकामं बघायचंय."

शेवटी दादाने मे महिन्याच्या अखेरीचे तीन दिवस काढले. पावसाळ्यात अभयारण्य बंद होतं, त्यामुळे आत्ता नाही तर मग दिवाळीच्या आसपासच. दादा, वहिनी, नऊ वर्षांची पुतणी, आप्पा आणि मी. गाडीत जागा चौघांची आणि डबे आठ जणांचे.

शुक्रवार

सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे आठला निघालो. पुईखडी चढून गेलं की शहर सुटतं आणि ऊस सुरू होतो तो संपतच नाही. हळदी, भोगावती, आमजाई व्हरवडे, खिंडी व्हरवडे. गळीत हंगाम आटोपलेला, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर नाहीत, मात्र लग्नाच्या गाड्या भरपूर. दोन वरातींमागे आम्ही मिळून पाऊण तास चालीने गेलो. एकीत डॉल्बीसमोर नवरदेव स्वतःच नाचत होता. आप्पा एरवी चिडले असते, पण ते खिडकीतून भोगावतीच्या पात्राकडे बघत होते. कडेला दर थोड्या अंतरावर पाणी उपसायच्या मोटारी. "हा दिसतोय तेवढा सगळा ऊस राधानगरीचं पाणी पितोय," म्हणाले. उन्हाळ्यात नदी वाहते ती धरणातून सोडलेल्या पाण्यावर, हे मला माहीत होतं. पण हिरव्याकंच उसाकडे बघून कुणाला धरण आठवतं?

कोल्हापूरपासून राधानगरी साधारण ५५ किलोमीटर. गाव वसवलं शाहू महाराजांनी, नाव दिलं कन्या राधाबाई अक्कासाहेबांचं. धरणाचं काम १९०९ च्या सुमारास सुरू झालं. संस्थान ते केवढं, तिजोरी ती केवढी. काही वर्षांनी पैशाअभावी काम थांबलं. महाराज १९२२ मध्ये गेले. धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. तलाव म्हटलं की आपल्याला रंकाळा डोळ्यासमोर येतो, पण हा ८.३६ टीएमसीचा. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८०० कोटींच्या वर. पुतणीने यावर "म्हणजे किती बादल्या?" असा रास्त प्रश्न विचारला आणि आप्पा बादलीत किती लिटर मावतं इथपासून सुरू झाले.

मग ते दरवाजे. सात. ज्यांच्या नावाने आमच्या गल्लीत सोफे माळ्यावर चढतात ते सातही दरवाजे उन्हात कोरडेठक्क उभे होते. पाणी कितीतरी खाली. माझी थोडी निराशाच झाली. एखाद्या दांडगट पैलवानाला बनियनवर दात घासताना बघावं तसं वाटलं. पण आप्पा रंगात आले. हे दरवाजे स्वयंचलित आहेत. वीज नाही, बटण नाही, कुणी जाऊन चाक फिरवत नाही. दरवाजा आणि त्याच्या तोलाचं वजन असा हिशेब बसवलेला आहे. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उचलला जातो, उतरलं की आपोआप बसतो. म्हणून तर बातमी 'दरवाजे उघडले' अशी येते, 'उघडण्यात आले' अशी नाही, हे आप्पांनी बोट वर करून सांगितलं. "एका दरवाजातून १४२८ क्युसेक." क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. पुतणीने मोबाइलवर गुणाकार केला. "आजोबा, सातातून ९९९६. चार कमी पडले दहा हजाराला." आप्पा म्हणाले, "त्या चारांनी काय होतंय, बावड्यात यायचं ते येतंच."

पाणी उतरलं की तलावात बेनझीर व्हिला दिसते, शाहू महाराजांनी बांधलेली कोठी. पावसाळ्यात तिच्याभोवती पाणीच पाणी. आम्ही काठावरून बघितली. उन्हात पाणी इतकं चमकत होतं की डोळ्यांवर हात धरूनही भिंतींची एक रेघ तेवढी हाती लागली. वहिनीला फोटो हवा होता. फोटोत पाणी आलं, वहिनी आली, व्हिला नाही.

राधानगरीत वन खात्याचं फुलपाखरू उद्यान आहे. दुपारच्या एकला फुलपाखरंही सावली धरून बसतात, आणि आम्ही बरोबर एकलाच गेलो. एक निळं-काळं मोठं नीलवंत मात्र डोक्यावरून संथ तरंगत गेलं, घाई नसलेल्या माणसासारखं. इंग्रजीत ब्लू मॉर्मॉन; २०१५ साली हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं.

मुक्काम दाजीपूरच्या अलीकडे, ओळखीतून मिळालेल्या घरात. कौलारू, पुढे अंगण, मागे उतार आणि उताराच्या तळाशी तलावाचा फुगवटा. घरच्या काकूंनी फणसाची भाजी, नाचणीची भाकरी आणि सोलकढी वाढली. कोल्हापूर जिल्ह्यात असूनही ताटात कोकण सुरू झालेलं.

संध्याकाळी आम्ही खाली पाण्यापाशी उतरलो. या तीन दिवसांतला हा तासभर मला सगळ्यात जास्त आठवतो, आणि झालं त्यात काहीच नाही. पाणी मागे सरकून उघडा पडलेला लाल मातीचा रुंद पट्टा. वरच्या अंगाला माती वाळून भेगाळलेली, भाकरी करपून तडकावी तशी. खाली जाईल तशी ओलसर, मग चिखल. त्या ओल्या पट्ट्यावर सगळी हजेरी लागली होती. कुत्र्याची पावलं, बगळ्याची तीन बोटं, आमच्या आधी कुणीतरी चपला हातात घेऊन गेल्याच्या खुणा. आणि मधोमध, दोन पाकळ्यांचे, माझ्या पंजापेक्षा मोठे खूर. खोल रुतलेले, आत पाणी साठलेलं. एका खुरात बेडकाची पिल्लं पोहत होती. घरचे काका सोबत आले होते, त्यांनी वाकून बघितलं. "म्हस न्हवं ही. गवा हाय." पुतणीने आपला पाय त्यात ठेवून बघितला. बुटासकट मावला.

पाण्यावर दोन नदी सुरय खालीवर करत होते, लांब टिबुकल्यांचा पुंजका बुडत-निघत होता. आप्पा एका दगडावर बसले होते. काठाच्या चढावर पाणी उतरताना ठेवून गेलेल्या आडव्या रेघा असतात, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या मोजत होते.

रात्री काजवे. मे अखेर आणि पहिला पाऊस यांच्यामधले हे दिवस काजव्यांचे, आणि राधानगरीत अलीकडे काजवे बघायला मोठी गर्दी होते. रस्त्याकडेची एक जागा सगळ्यांनी सांगितली म्हणून तिथे गेलो. चूक झाली. तीस-चाळीस गाड्या, निम्म्यांचे दिवे चालू, झाडावर मोबाइलच्या बॅटऱ्या मारून 'दिसत नाहीत रे' म्हणणारी माणसं, आणि एका टोळक्याने स्पीकर आणलेला. काजव्याचा नर चमकतो तो मादीने उत्तर द्यावं म्हणून. ती पानावर बसून मिणमिणते. त्यांचं सगळं बोलणं उजेडातच चालतं. वर्षातला बहुतेक काळ अळी होऊन मातीत काढायचा, गोगलगायी खायच्या आणि जेमतेम दोन-तीन आठवडे पंख मिळायचे, त्यातही समोर गाडीचा हेडलाइट. दादा टोळक्याला सांगायला गेला. "भावा, पैसे भरून आलोय," असं उत्तर मिळालं. कुणाला भरले, ते काही त्याने सांगितलं नाही. आम्ही परत फिरलो.

शनिवार

पहाटे पाचला काकूंनी चहा दिला, सहाला दाजीपूरच्या गेटवर. नोंदणी, शुल्क, जीप, गाइड. आत स्वतःची गाडी घालण्याचा विचार आम्ही केला नव्हता, आणि रस्ता बघितल्यावर त्याबद्दल दादाने स्वतःलाच शाबासकी दिली. गाइड इथलाच, विशीतला, कमी बोलणारा. पहिल्या पाच मिनिटांत त्याने एकच वाक्य उच्चारलं, "सेंटचा वास येतोय कुणाचा तरी." वहिनीने खिडकीबाहेर बघितलं.

राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखीव झालं, १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. त्याआधी ही कोल्हापूरच्या छत्रपतींची शिकारीची जागा; शिकारीसाठी राखल्यामुळे जंगल वाचलं, हा विचित्र व्यवहार देशात अनेक ठिकाणी झाला, तसा इथेही. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बायसन अभयारण्य' आहे. बायसन आपल्याकडे नाहीच, आपला तो गवा. साहेबाने चुकीचं नाव ठेवलं आणि आपण पाट्या रंगवल्या. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशा चार जागा त्यात होत्या. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला गोवा-कर्नाटकातली रानं, मधला दुवा हे जंगल.

आत शिरल्यावर बाहेरचा मे महिना संपला. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, वरून वेलींचे दोरखंड, आणि खाली इतका गारवा की आप्पांनी मफलर काढली. ती त्यांनी मे महिन्यात का आणली होती हे कुणी विचारलं नव्हतं. कुठूनतरी माणसाने शीळ घालावी तसा आवाज आला, सुरात सुरू होऊन मधेच विसरल्यासारखा. शीळकर कस्तुर. गाइडने तोंडाने तशीच शीळ परत घातली, पलीकडून उत्तर आलं, आणि मग तो आणि पक्षी दोघंच बोलत राहिले.

शेकरू दिसलं. खरं तर आधी घरटी दिसली, उंच फांद्यांच्या टोकांना काटक्या-पानांचे गोळे. एकच शेकरू अशी पाच-सहा घरं बांधून ठेवतं, गाइड म्हणाला. "घरपट्टी नाही ना," दादा. मग एक गोळा हलला आणि त्यातून तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट बाहेर आली. राज्यप्राणी एका झाडावरून दुसऱ्यावर असा गेला की मधली जागा त्याने मोजलीच नाही.

पुढे ठक्याच्या वाड्याच्या बाजूला जाताना गाइडने जीप थांबवायला लावली. रस्त्यात शेण. आम्ही सगळे खाली उतरून शेणाभोवती उभे राहिलो. घरी हेच कुणी सांगितलं असतं तर हसले असते. मोठा पो, वर चकाकी, कडेने अगदी बारीक वाफ. "आत्ताचं हाय हे. पंधरा मिन्टंबी न्हाई." पण खरी मजा त्याच्यावर चालली होती. शेणकिडे आले होते. काळे, वाटाण्याएवढे. एकाने पुढच्या पायांनी तुकडा कापला, थापून थापून गोळा केला, आणि मग उलटा होऊन, डोकं खाली, मागच्या पायांनी तो ढकलायला लागला. गोळा त्याच्या दुप्पट. रस्त्यातल्या चाकोरीच्या कडेला तो चढवायचा, गोळा घरंगळायचा, तोही बरोबर घरंगळायचा. चार वेळा. दुसरा एक किडा आला. आम्हाला वाटलं मदतीला, तर तो गोळ्यावरच चढून बसला. पुतणी म्हणाली, "हा आपल्या बाबासारखा आहे." पाचव्या वेळी गोळा चढला आणि पाचोळ्याखाली गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण गाइड आमच्याकडे बघत होता.

मग सावराई सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं उघडं पठार. पावसात त्यावर फुलांचं रान माजतं, आत्ता तो तव्यासारखा. जंगलातून एकदम बाहेर आलं की उजेडाने डोळे मिटतात. गाइडने हात आडवा केला. सड्याच्या पलीकडच्या कडेला, झाडीच्या सावलीत, खडक होते. मग त्यातल्या एका खडकाने कान हलवला.

सात होते. म्हणजे सात मोजता आले. पुढे एक तपकिरी गायगवी, तिच्या पोटाशी उसाच्या रसाच्या रंगाचं वासरू, मागे बाकीच्या, आणि थोडा बाजूला एक नर, काळाभोर, पाठीचा कणा उंच उठलेला, चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोपर्यंत जातं हे पुस्तकी ज्ञान माझ्याकडे होतं. पण वजन कळलं ते त्याने एक पाऊल टाकल्यावर, कारण खांद्यावरचं मांस आधी हललं आणि पाय नंतर. कळपाची पुढारी ती गवी. तिने आमच्याकडे बघितलं, नाकातून 'फुर्र' असा आवाज काढला आणि वळली. धावली नाही. सगळे तिच्यामागून झाडीत गेले, नर सर्वांत शेवटी. फांद्या मोडल्याचा आवाज मिनिटभर येत राहिला. एवढ्या जड प्राण्याचा त्यानंतर काहीच आवाज आला नाही, हे जास्त भीतीदायक वाटलं.

"हेच आमच्या रानात येत्यात तवा बघाय पायजे," गाइड परतताना पहिल्यांदाच मोकळा झाला. त्याच्या घरचं भात आणि नाचणीचं रान जंगलाला लागून. रात्री राखण करावी लागते. नुकसानभरपाईचे कागद करायचे, पंचनामा व्हायचा, पैसे मग कधीतरी. "पर त्येंचा राग न्हाई येत. त्येंच्यावर तर जीप चालतीय." मध्यंतरी गवे पार कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा आमच्याकडे बघ्यांची जत्रा जमली होती. त्याला ते ठाऊक होतं. म्हणाला, "एवढी माणसं बघून तो बुजणार न्हाई तर काय?"

दुपार झोपेत गेली. चारनंतर वळीव आला. आधी वारा, मग अंगणातल्या जांभळांचा सडा, मग टपोरे थेंब आणि मातीचा वास, आणि पाच मिनिटांत वीज गायब. काकूंनी चुलीवर कांदाभजी तळली. पाऊस तासाभरात गेला. रात्री वीज आली नव्हती, चंद्र ढगात, रस्त्यावर एकही गाडी नाही. आम्ही अंगणातच बसलो होतो. उताराखालच्या ऐनाच्या झाडावर एक ठिपका चमकला. मग दहा. मग सगळं झाड एकदम, विझलं, पुन्हा एकदम. शेजारच्या झाडाने ते उचललं. उजेडाची लाट फांदीवरून फांदीवर सरकत तलावापर्यंत जायची. या उजेडात ऊब नसते. एक काजवा वहिनीच्या हातावर बसला तेव्हा तिने चटका बसेल म्हणून आधी हात झटकायला उचलला, आणि मग तसाच धरून बसली.

आदल्या रात्री ज्यासाठी गाडी काढून गेलो होतो ते घरामागेच होतं.

रविवार

सकाळी उगवाई देवीचं दर्शन. तिथून पुढे डोंगर संपतो आणि खाली कोकण. धुकं होतं, त्यामुळे कोकणाऐवजी आम्हाला कापूस दिसला. दोनदा फाटला तेव्हा खोल खाली हिरवं काहीतरी आणि एक रस्ता. कड्यावरून वारा असा येत होता की आप्पांच्या मफलरीचं अखेर सार्थक झालं. पलीकडे शिवगड, दादाला जायचं होतं, पण आप्पांचे गुडघे आणि पुतणीची भूक यांनी एकमताने ठराव फेटाळला.

परतीचं फार सांगण्यासारखं नाही. वाटेत एका आजीकडून पळसाच्या द्रोणातली करवंदं घेतली, सगळ्यांचे ओठ काळे. जांभळांनी गाडीची मागची सीट जांभळी झाली, ती आजतागायत आहे. हळदीजवळ पुन्हा वरात.

शहरात शिरल्यावर घराकडे वळणार तोच आप्पा म्हणाले, "बंधाऱ्यावरून घे जरा."

"आप्पा, जेवायचंय ओ. दोन वाजले."

"दोन मिनिटं."

दादाने गाडी घेतली. दुपारचं बंधाऱ्यावर कुणी नव्हतं, दोन पोरं म्हशी धुत होती. आप्पा कठड्याला टेकून वाकले, कपाळावर हात धरून पट्टीकडे बघितलं, आणि खिशातून चष्मा काढायच्या आतच म्हणाले, "साडेअकरा."

पुतणीने वाकून बघितलं, बोटाने मोजलं. "अकरा फूट पाच इंच, आजोबा."

"एक इंच," आप्पा गाडीकडे चालत म्हणाले, "म्हशीमुळं हलतंय."